बरं वाटणं आणि बरं होणं: सिलिॲकचा थोडा इतिहास

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. सोबत बिस्किट असेल तर खा, माझ्याकडे बघून लाजू नका.

चार वर्षांपूर्वी माझ्या लेकीला सिलिॲकचं निदान झालं. ती तेव्हा आठ वर्षांची होती. अशा वेळी घरातल्या बाकीच्यांचं रक्तही तपासतात, म्हणून आम्ही सगळे रांगेत बसलो. नवरा निगेटिव्ह, धाकटा निगेटिव्ह, आणि मी पॉझिटिव्ह. पंधरा वर्षं माझं हिमोग्लोबिन नऊ-दहाच्या वर जात नव्हतं. प्रत्येक डॉक्टरने पाळीचं कारण देऊन लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, त्याचा उलगडा असा लेकीमुळे झाला.

खरा प्रश्न त्यानंतर सुरू झाला. घर एक, स्वयंपाक एक, दोघींची ताटं सारखी. लेक वर्षभरात टुणटुणीत झाली, उंची वाढली, रक्त नॉर्मल आलं. माझी दोन वर्षांनी पुन्हा बायॉप्सी केली तर आतडं अजून अर्धवटच भरलेलं. एवढं पथ्य पाळून! मी व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट आहे. दोन खात्यांत सारखीच जमा टाकून शिल्लक इतकी वेगळी दिसली की आम्ही मागच्या वर्षांच्या वह्या काढतो. तशा मी या आजाराच्या वह्या काढल्या. तुमच्यापैकी कुणाच्या घरी हे नव्याने आलं असेल, किंवा पथ्य पाळूनही फरक दिसत नाही म्हणून कुणी खचलं असेल, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. काही लोकांची रोगप्रतिकारशक्ती ते प्रथिन पोटात गेलं की स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याचं आतलं अस्तर मखमलीसारखं असतं, बारीक बारीक तंतूंचं. ते तंतू झिजून सपाट होतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. ही ॲलर्जी नाही आणि 'गहू सोसत नाही' एवढंही नाही. औषध अजून नाही, फक्त जन्मभराचं पथ्य.

आजार जुना आहे. कप्पाडोकियाचा अरेटियस नावाचा ग्रीक वैद्य दीड-दोन हजार वर्षांपूर्वी अशा रोग्यांचं वर्णन करून गेला. ग्रीकमध्ये कोइलिया म्हणजे पोट, त्यावरून हे नाव आलं. पण आपल्या कामाची वही उघडते ती १८८७ साली, लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या मुलांच्या इस्पितळात. तिथे सॅम्युएल जी या डॉक्टरने या आजारावर व्याख्यान दिलं, ते पुढच्या वर्षी छापून आलं. पोट फुगलेली, हातपाय काडीसारखे झालेली, पांढरट जुलाब होणारी एक ते पाच वर्षांची मुलं त्याने इतकी अचूक टिपली आहेत की वाचताना मला माझी लेक दिसली. आणि त्याने एक गोष्ट ठामपणे सांगितली: हा रोगी बरा होणार असेलच, तर तो आहारानेच होईल.

वाक्य शंभर टक्के बरोबर. पण पुढचा आहार वाचा. भात नको, सागो नको (आपल्या साबुदाण्याचा चुलतभाऊ), कॉर्नफ्लॉवर नको. आणि चालेल काय, तर पातळ कापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेला पाव! म्हणजे आज आम्ही ज्यावर जगतो ते सगळं वर्ज्य, आणि जे विष ते ताटात. त्याच व्याख्यानात एका मुलाची हकिकत आहे. त्याला रोज एक क्वार्ट, म्हणजे लिटरभराहून थोडे जास्त, उत्तम डच मसल्स खायला घालत. गोव्याकडे ज्यांना शिनाणे म्हणतात ते शिंपले. मूल झपाट्याने सुधारलं. मसल्सचा हंगाम संपला, मूल पुन्हा आजारी पडलं. पुढच्या हंगामात मसल्स पुन्हा आले, पण पठ्ठ्या ते खायला काही केल्या तयार होईना. (कोणतं मूल होईल?) रोज पोटभर शिंपले खाणाऱ्या मुलाच्या पोटात पावाला जागा किती उरली असेल, हा विचार तेव्हा कुणाला सुचला नाही.

पुढची मोठी नोंद न्यूयॉर्कची. १९२४ मध्ये सिडनी हास या बालरोगतज्ज्ञाने केळ्यांचा आहार मांडला. दहा मुलांची माहिती त्याने छापली. आठ जणांना केळी दिली, ती सुधारली. दोघांना दिली नाहीत, ती दगावली. त्या काळी हा आजार मुलांना मारत असे, हे विसरू नका, म्हणजे हासला लोक किती मानत असतील ते कळेल. हजारो आयांनी केळी कुस्करून भरवली, आणि त्यांची मुलं खरोखर वाचली.

पण हासच्या यादीत केळ्यांबरोबर आणखी काय होतं? पाव बंद, क्रॅकर बंद, बटाटे बंद, सगळी धान्यं बंद. काम केलं गहू बंद झाल्याने, आणि श्रेय जमा झालं केळ्यांच्या खात्यावर. आमच्या धंद्यात याला नोंदीची चूक म्हणतात. एकूण बेरीज जुळते, त्यामुळे ती वर्षानुवर्षं सापडत नाही.

पण मला हासच्या गोष्टीत खरं खुपलं ते वेगळंच. मूल सुधारलं, वजन वाढलं, की 'बरं झालं' असं म्हणून त्याला हळूहळू सगळं खायला देत. हासचा तसा विश्वासच होता की हा आजार कायमचा बरा होतो. १९५१ मध्ये, म्हणजे खरं कारण सापडल्यानंतरही, त्याने आपल्या मुलाबरोबर या उपचारावर पुस्तक काढलं. यातली वाईट गोष्ट अशी की मोठ्या वयाच्या मुलांत लक्षणं काही वर्षं खरंच दबतात. आतडं आतून झिजत राहतं आणि मूल बाहेरून ठणठणीत दिसतं. त्यामुळे वही बंद करणाऱ्या डॉक्टरांना आपण चुकतोय हे कळण्याची सोयच नव्हती.

आता हॉलंड. विलेम डिके हा डॉक्टर ३१ वर्षांचा असताना, १९३६ मध्ये, हेगच्या ज्युलियाना बाल रुग्णालयाचा संचालक झाला. त्याची गोष्ट तुम्ही वाचली असेल तर बहुतेक अशी वाचली असेल: दुसऱ्या महायुद्धात दुष्काळ पडला, पाव मिळेना, सिलिॲकची मुलं सुधारली, आणि डिकेच्या डोक्यात प्रकाश पडला. गोष्ट सुरेख आहे, पण क्रम उलटा आहे. डिकेचा संशय युद्धाच्या आधीचा. एका तरुण आईने येऊन सांगितलं होतं की पाव बंद केला की माझ्या मुलाचं पुरळ लगेच कमी होतं. डिकेने ते ऐकून सोडून दिलं नाही. तिसाच्या दशकाच्या मध्यापासून त्याने गहू नसलेला आहार देऊन पाहायला सुरुवात केली, आणि १९४१ मध्ये, दुष्काळाच्या तीन वर्षं आधी, डच वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लिहिलंही.

१९४४-४५ च्या हिवाळ्यात पश्चिम हॉलंडमध्ये माणसं ट्यूलिपचे कंद आणि साखरेचं बीट उकडून खात होती. सुमारे वीस हजार माणसं मेली. त्यात डिकेच्या वॉर्डातली सिलिॲकची मुलं मात्र सुधारत होती. मग युद्ध संपत आलं, मदतीचा पाव आला, सगळा देश आनंदाने रडला, आणि ती मुलं पुन्हा आजारी पडली. डिकेला जे आधीच वाटत होतं त्याची ही साक्ष होती, म्हणून ती महत्त्वाची. पण सुरुवात त्या आईच्या बोलण्याने झाली, आणि प्रसिद्ध गोष्टीतून नेमकी तीच गळते.

साक्ष म्हणजे पुरावा नव्हे, हेही डिकेला कळत होतं. दुष्काळात फक्त पावच नाही, सगळंच बदललेलं असतं. म्हणून युद्धानंतर त्याने जे केलं ते मला सगळ्यांत जास्त आवडतं. मोजकी मुलं घेतली आणि महिनोन्महिने, काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षं, गहू दिला, काढला, पुन्हा दिला, पुन्हा काढला, आणि प्रत्येक टप्प्याला वजन-उंचीचे आलेख काढले. १९५० मध्ये उट्रेक्टला त्याचा प्रबंध मान्य झाला. त्याच्या जोडीला वान दे कामेर नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. त्याने मुलांच्या शौचातली चरबी नेमकी मोजायची पद्धत बसवली होती. खाल्लेली चरबी वजा बाहेर पडलेली चरबी म्हणजे अंगी लागलेली चरबी. शुद्ध जमा-खर्च! गहू दिला की खर्च वाढतो, काढला की घटतो. मग त्यांनी गव्हाचेच भाग वेगळे केले. गव्हातला निव्वळ स्टार्च दिला तर काही होत नाही, प्रथिन दिलं की जुलाब. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या शार्लट अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवलं. म्हणजे जी डॉक्टरांच्या व्याख्यानानंतर ६५ वर्षांनी योग्य खातं सापडलं.

अजून कुणी आत डोकावून पाहिलं नव्हतं. १९५४ मध्ये जॉन पॉली या इंग्लिश डॉक्टरने शस्त्रक्रियेत काढलेले आतड्याचे तुकडे तपासले, तर मखमल सपाट. दोन वर्षांनी लंडनमध्ये मार्गो शायनर यांनी तोंडावाटे नळी घालून लहान आतड्याचा तुकडा काढून दाखवला. १९५७ मध्ये क्रॉसबीची कॅप्सूल आली. बारीक नळीला बांधलेली धातूची कुपी, आत स्प्रिंगवर चालणारं पातं. लहान मुलांना ती गिळायला लावत. १९६९ मध्ये युरोपातल्या बालरोगतज्ज्ञांनी निदानाचा जो नियम ठरवला त्यात हे तीनदा करायचं होतं: एकदा गहू खाताना, एकदा पथ्यावर, आणि एकदा पुन्हा गहू खायला घालून. आता अंगावर काटा येतो, पण त्यामागची शिस्त मला पटते. मूल हसतंय, वजन वाढतंय, एवढ्यावर कुणी सही करणार नाही, आत जाऊन प्रत्यक्ष माल मोजणार. हासच्या काळची चूक या नियमाने थांबली. आता रक्ताची टीटीजी चाचणी आहे. १९९७ मध्ये बर्लिनच्या गटाने शरीर नेमकं कशावर उलटतं ते शोधलं, त्यातून ती आली. ती खूप चढलेली असेल आणि दुसऱ्या नमुन्यातही दुजोरा मिळाला, तर बऱ्याच मुलांचं निदान आता बायॉप्सीशिवाय होतं. माझ्या लेकीचं तसंच झालं.

याच नळ्यांमुळे आणखी एक गोष्ट कळली. मुलांचा सिलिॲक आणि मोठ्यांचा 'स्प्रू' असे दोन आजार मानत, ते आतून एकच निघाले. 'मोठेपणी बरा होतो' या समजुतीचा पाया तिथेच गेला.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. मोठ्यांच्या आतड्याला भरायला किती वेळ लागतो? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१० मध्ये याचं उत्तर छापलं. पथ्यावरच्या मोठ्या रुग्णांपैकी दोन वर्षांत आतडं भरलेलं दिसलं ३४ टक्क्यांचं. पाच वर्षांत ६६ टक्क्यांचं. म्हणजे दोन वर्षांनी न भरणारे अल्पसंख्य नाहीत, तेच बहुसंख्य आहेत! मुलांचं साधारण लवकर भरतं, पण सगळ्यांचं भरतंच असं नाही. मी हे आकडे वाचले तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आणि मी अक्षरशः रडले. पथ्यात कुठेतरी मीच कमी पडतेय असं दोन वर्षं मनात घेऊन बसले होते.

अर्थात हळू भरण्याचं सगळ्यांत सर्रास कारण लपून आलेलं ग्लूटेन हेच असतं, त्यामुळे स्वतःला क्लीन चिट देण्याआधी घराचं ऑडिट करा. मी केलं. निदान होऊन १४ महिने झाले होते. सोया सॉस, माल्टवाले कॉर्नफ्लेक्स, भाजणी, सासूबाईंनी प्रेमाने पाठवलेलं मेतकूट (त्यात गहू असतात), सगळं कधीच बाद झालं होतं. आणि मग फोडणी देताना हिंगाची डबी हातात घेऊन लेबल वाचलं. बांधणी हिंग. घटकांत ठळक अक्षरांत गव्हाचं पीठ. १४ महिने, रोज दोन वेळा, आमटीत, भाजीत. फ्रीजच्या दारावर याद्या लावणाऱ्या बाईने स्वतःच्या मिसळणाच्या डब्याकडे पाहिलंच नव्हतं.

पण सगळं हिंगावर ढकलू नये. लेकही तोच हिंग खात होती आणि बरी झाली. तो काढल्यावर माझी टीटीजी आठ महिन्यांत नॉर्मलला आली, तरी नंतरच्या बायॉप्सीत आतडं अर्धवटच होतं. रक्त नॉर्मल आलं म्हणजे अस्तर भरलं, असं धरता येत नाही. तुमचे डॉक्टर लोह, ब-१२, ड जीवनसत्त्व, हाडांची घनता तपासत नसतील तर स्वतःहून विचारा. सुरुवातीला दूध सोसत नसेल तर घाबरू नका. झिजलेलं अस्तर दुधातली साखर पचवू शकत नाही, अस्तर भरलं की बहुतेकांना दूध पुन्हा चालतं.

लेबलाबद्दल देशानुसार एक फरक लक्षात ठेवा. इथे इंग्लंडमध्ये पाकिटावर गहू, जव, राय तिन्ही ठळक छापावे लागतात. अमेरिकेत कायद्याने गहू सांगणं सक्तीचं आहे, जव आणि राय नाही. म्हणून तिकडच्यांनी 'माल्ट' शब्द शोधायचा. 'ग्लूटेन-फ्री' लिहिलेलं असेल तर दोन्हीकडे मर्यादा एकच, किलोला २० मिलिग्रॅमच्या आत. बाय द वे, इथल्या सिलिॲक रुग्णांची संस्था १९६८ मध्ये सुरू करण्यात पीटर बेनेन्सन यांचा हात होता. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल काढली तेच. त्यांना स्वतःला सिलिॲक होता.

आता घरोघरी ऐकू येणारं वाक्य: 'आमच्या वेळी नव्हतं हो हे असलं काही.' सासूबाईही म्हणाल्या. त्यांना मी वायोमिंगची गोष्ट सांगितली. तिथल्या वॉरन हवाई तळावर १९४८ ते १९५४ दरम्यान सैनिकांचं रक्त घेऊन गोठवून ठेवलं होतं. पन्नासेक वर्षांनी ९,१३३ नमुने काढून तपासले. काहींमध्ये सिलिॲक होता, पण निदान कुणाचंच झालेलं नव्हतं. पुढच्या ४५ वर्षांत त्या लोकांचा मृत्युदर इतरांच्या जवळजवळ चौपट निघाला. आणि आजच्या लोकांत त्याच चाचणीने प्रमाण तेव्हाच्या चौपटीहून जास्त मिळालं. म्हणजे सासूबाई अर्ध्या बरोबर. तेव्हाही होतं, पण खरंच कमी होतं.

'हा गोऱ्यांचा आजार' हेही सोडून द्या. उत्तर भारतातल्या मुलांमधल्या सिलिॲकवर ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९६६ मध्येच लेख आला होता. २०१६ च्या एका मोठ्या भारतीय पाहणीत रक्तात सिलिॲकच्या अँटिबॉडी सापडण्याचं प्रमाण असं निघालं: उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७, दक्षिणेत ०.१०. या आजाराला लागणारी जनुकं तिन्हीकडे साधारण सारखीच, एकतृतीयांश लोकांत. गहू खाण्यात मात्र उत्तर कितीतरी पुढे. (ईशान्येचा आकडा या हिशेबात नीट बसत नाही, ते मलाही दिसतंय.) महाराष्ट्र त्या पाहणीत नव्हता. पण मी माझ्यापुरता विचार करते. माझी आजी सोलापूरकडची, ज्वारीची भाकरी खाणारी, पोळी सणाला. आईच्या घरी पोळी रोजची झाली. माझ्या घरी इंग्लंडात सकाळी टोस्ट, दुपारी सँडविच, मुलांना पास्ता, रात्री पोळी. जनुकं तीच असतील, गहू तीन पिढ्यांत कुठून कुठे गेला. यावरून मी काही सिद्ध करू शकत नाही, फक्त नोंद करून ठेवतेय.

एक कळकळीची विनंती. शंका असेल तर रक्त तपासल्याशिवाय गहू बंद करू नका. बंद केला की चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, आणि मग निदानासाठी पुन्हा आठवडेच्या आठवडे गहू खायला लावतात. त्या तिसऱ्या बायॉप्सीच्या मुलांसारखं. आधी तपासणी, मग पथ्य.

आणि निदान झालं असेल तर आईवडील, भावंडं, मुलं यांना तपासायला सांगा. सख्ख्या नात्यात साधारण दहात एकाला निघतो. माझ्या भावाने पुण्यात तपासून घेतलं, निगेटिव्ह आलं. माझी पुढची एंडोस्कोपी येत्या हिवाळ्यात आहे, तेव्हा कळवेनच. बहीण मात्र दोन वर्षं टाळतेय. मला काही त्रास नाही गं, म्हणते. गेल्या महिन्यात तिचं हिमोग्लोबिन साडेनऊ आलं, आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत.